लाट म्हटलं की मतदार दिसेनासा होतो

लोकानुनयी (पॉप्युलिस्ट) राजकारणावरची बातमी वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत लाट येतेच. नाहीतर त्सुनामी, भूकंप, वणवा, रोगाची साथ. या भाषेचा मला मनापासून राग येतो.

लाट कुणी आणत नाही. ती आपली येते, आदळते, ओसरते. तिला जाब विचारायचा नसतो, बांध घालायचा असतो. मत मात्र कुणीतरी रांगेत उभं राहून देतं. बंद पडलेला कारखाना, न परवडणारं घर, परक्यांची भीती किंवा सरळसरळ द्वेष, असं काहीतरी मनात घेऊन देतं. त्यातलं खरं किती, भडकावलेलं किती, हे शोधणं पत्रकाराचं काम. 'लाट' लिहिलं की ते टळतं.

नेदरलँड्सचंच बघा. मार्च २०१७ च्या निवडणुकीला तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी लोकानुनयी राजकारणाविरुद्धच्या सामन्यातली उपउपांत्य फेरी म्हटलं होतं. त्याच वर्षीची फ्रान्सची निवडणूक उपांत्य, जर्मनीची अंतिम. निकाल लागला आणि लाट थोपवल्याच्या बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात इस्लामविरोधी लोकानुनयी नेते खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाच्या जागा १५ वरून २० वर गेल्या होत्या आणि रुटेंचा पक्ष ४१ वरून ३३ वर घसरला होता. पहिला नंबर राखला एवढंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये विल्डर्स १५० पैकी ३७ जागा घेऊन पहिले आले, तेव्हा त्याच वर्तमानपत्रांना 'भूकंप' झाला!

साथीची उपमा तर त्याहून वाईट. मतदार रोगी, संपादक डॉक्टर. नेत्याच्या हाती आयतं कोलीत: बघा, ही मंडळी तुम्हाला रोग समजतात.

ही खोड जुनी आहे. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या 'जज' साप्ताहिकाने पॉप्युलिस्ट पक्षाला डेमोक्रॅटिक पक्षाचं प्रतीक असलेलं गाढव गिळणारा साप म्हणून रंगवलं. चढत्या दराचा प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या त्या 'सापा'च्या मागण्या. १९१३ मध्ये प्राप्तिकर आणि थेट निवडणूक, दोन्हींसाठी घटनादुरुस्ती झाली. चित्रातून यातलं काय कळणार होतं?

म्हणून विल्डर्सना सूट द्या असं मी म्हणत नाही, उलट. २०१७ चा त्यांचा जाहीरनामा जेमतेम एका पानाचा होता. मशिदी बंद करा, कुराणावर बंदी घाला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. 'विषारी प्रचार' असा मथळा देण्यापेक्षा ते पानच जसंच्या तसं छापा, आणि ज्याने विल्डर्सना मत दिलं त्याला गाठून विचारा, यातलं तुला नेमकं काय हवंय.