‘मांजराला घर कळतं, माणूस नाही’ म्हणणाऱ्या काकांना

काका,

‘ठमी आणि गुळ्याच्या खोड्या’ या माझ्या दोन मांजरांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. सांगलीत विश्रामबागेत राहता, सत्तरी ओलांडली आहे असं तुम्हीच म्हटलंय, म्हणून काका म्हणते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या मते कुत्रा माणूस ओळखतो आणि मांजर फक्त घर ओळखतं. दुधाची वाटी पुढे येते तोवरच ते आपलं. त्याचे केस पोटात जाऊन दमा होतो, ते शेजाऱ्यांच्या कुंड्या उकरतं, चिमण्या मारतं. आणि शेवटी, ‘मुलं मोठी होऊन बाहेर गेली की बायकांना असले छंद लागतात, ताई, राग मानू नका.’

राग मानला. तुमचं मत वेगळं आहे याचा नाही, या शेवटच्या वाक्याचा. माझी मुलं किती, कुठे असतात, याबद्दल लेखात एक अक्षर नाही. तुम्ही ते मनानेच ठरवलंत. मुलगा मिरजेला शिकतो आणि रोज रात्री घरी जेवायला असतो, आणि तो नसता तरी त्याचा मांजराशी काय संबंध? ‘राग मानू नका’ असं शेवटी जोडलं की आधी काहीही लिहायची मुभा मिळते असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्याकडून ती नाही.

आणि रिकामपणाचा छंद म्हणाल, तर आमच्या घरात मांजर माझ्याही जन्माआधीपासून आहे. आजोबांची हळदीची अडत होती. वखारीत पोत्यांच्या थप्प्या, खाली उंदीर-घुशींचा सुळसुळाट आणि थप्पीवर बसलेली भाटी, म्हणजे मांजरी. आजोबा दुकान उघडलं की पहिली हाक तिला मारायचे, दिवाणजींना नंतर. हमाल दुपारी भाकरी सोडायला बसले की बोंबलाचं डोकं तिच्यासाठी बाजूला काढायचे. त्या वखारीत कुणालाही रिकामा वेळ नव्हता.

आता मूळ वाक्य. ‘मांजराला घर कळतं, माणूस नाही.’ पुरावा म्हणून तुम्ही तुमच्या लहानपणची गोष्ट सांगितलीत. नको झालेलं मांजर गावभागातून पोत्यात घालून, आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला नेऊन सोडायचे आणि चार दिवसांत ते परत घरात हजर. म्हणजे त्याला ओढ भिंतींची. काका, हे लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? उपाशी जनावर अनोळखी गल्ल्यांतून, कुत्र्यांच्या तावडीतून सुटत, एवढा मोठा पूल ओलांडून आलं आणि ज्यानं पोत्याचं तोंड बांधलं त्याच्याच दारात उभं राहिलं. त्या घरात माणसं राहत नव्हती का? घर आणि माणसं एकाच जागी असताना ते कशासाठी परत आलं, हे या गोष्टीवरून ठरवताच येत नाही. ठरवायचंच तर घर बाजूला काढायला हवं आणि माणसं तेवढी ठेवायला हवीत. आमच्याकडे ते होऊन गेलंय.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागातल्या आमच्या घरात तळमजला पाण्याखाली. आम्ही माळ्यावर, आणि ठमी सगळ्यात वरच्या तुळईवर. बोट आली तेव्हा भाजीच्या जाळीच्या दोन बास्केट एकमेकींवर पालथ्या घालून, सुतळीने बांधून ठमीला आत घातलं. बोटीवरच्या पोरांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. एकानं तर स्वतःचा रेनकोट काढून बास्केटवर टाकला. आम्ही विश्रामबागेत मावशीकडे गेलो.

तिथे ठमी कपाटाखाली शिरली. मावशीनं सुकट ठेवलं, प्रेमानं बोलावलं, तिच्या नातवंडांनी दोरी हलवून पाहिली. ठमी हलली नाही. मी फरशीवर आडवी होऊन हाक मारली की मात्र आतून आवाज द्यायची, आणि रात्री सगळे झोपले की माझ्या उशाशी येऊन बसायची. त्या घरातली एक भिंत तिच्या ओळखीची नव्हती. ओळखीचे होतो फक्त आम्ही.

पाणी ओसरल्यावर परतलो. गुडघाभर चिखल, भिंतींना ओल, मग फिनेल आणि ब्लीचिंग पावडर. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला ते डोकं घासतं ते आपला वास तिथे ठेवायला, आणि घर ओळखतं ते बरंचसं या वासावरून. आमच्या घरातला तो सगळा वास पुरानं धुऊन नेला होता. तुमचं म्हणणं खरं असतं तर ते घर ठमीला परकं वाटून ती निघून जायला हवी होती. ती कुठेच गेली नाही. मी चिखल ओढत होते तिथे तिथे माझ्या पायांत होती, आणि सगळ्यात आधी तिनं डोकं घासलं ते माझ्या पोटरीला. मग हळूहळू चौकटींना.

मांजराला आपली जागा प्रिय असते एवढं मी मान्य करते. घर बदललं तर काही आठवडे त्याला बाहेर सोडू नये असं पशुवैद्यही सांगतात. पण जागा प्रिय असणं आणि माणूस न कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हालाही तुमचं विश्रामबागेतलं घर प्रिय असेलच. त्यावरून घरातली माणसं तुम्हाला कळत नाहीत असं कुणी म्हटलं तर चालेल का?

माझा अनुभव नको असेल तर अभ्यास घ्या. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की मांजर मालकाचा आवाज अनोळखी आवाजांतून वेगळा ओळखतं. २०१९ साली त्यांनीच दाखवलं की त्याला स्वतःचं नाव इतर शब्दांपासून वेगळं कळतं. ते उठून येत नाही, हा भाग वेगळा. त्याच वर्षी अमेरिकेत क्रिस्टिन व्हिटाल यांच्या गटानं मांजरांना मालकासोबत, मग एकटं, मग पुन्हा मालकासोबत ठेवून पाहिलं. सुमारे ६५ टक्के मांजरं मालक परत आल्यावर निवांत झाली, त्याला भेटून पुन्हा खोलीत फिरू लागली. खोली तीच होती, काका. फरक माणसाच्या असण्यानं पडला.

आणि ज्या खोड्यांना तुम्ही ‘नुसतं कौतुक’ म्हणालात, त्या मी लिहिल्या त्या याचसाठी. ठमी माणूस बघून वागते. सासूबाई जपाला बसल्या की ती शेजारी बसते, माळेला पंजा लावत नाही. ह्यांनी पेपर उघडला की बरोबर वाचत असतील त्याच पानावर बसते. मुलाचे पांघरुणातले अंगठे चावते, माझे कधी नाही. मी न्हाणीघरात गेले की दाराबाहेर बसून ओरडते. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत, ती म्याव करतात ती माणसांशी. गुळ्या झोपण्याआधी माझ्या पोटावर कणीक तिंबल्यासारखे पाय दाबतो. पिल्लू असताना आईच्या दुधासाठी दाबायचा तीच ही सवय. सोफ्यावर गादी मऊच आहे, पण तो तिथे करत नाही. ह्यांची गाडी वळणावर आली की तो दाराशी जातो. शेजारी तीच गाडी आहे, तिच्यासाठी कान हलवत नाही. हे सगळं भिंतींशी चाललंय का?

दुधाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे, मोठ्या मांजराला दूध लागत नाही. बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. म्हणूनच आमच्याकडे दुधाची वाटी नाहीच, त्यामुळे वाटीपुरतं प्रेम हा मुद्दाही राहत नाही. केस पोटात गेल्यानं दमा होत नाही. त्रास होतो तो मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनानं, आणि तोही ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना. त्यांनी लांब राहावं. कुंड्या आणि चिमण्यांबद्दल एवढंच, की आमच्या दोन्ही मांजरांची नसबंदी झालेली आहे, लसी दिलेल्या आहेत, गच्चीला जाळी आहे. शेजारी काय ते माझ्याशी बोलतील, त्यांची वकिली तुम्ही करू नका.

एक गोष्ट मात्र सोडणार नाही. माझ्या शेजाऱ्यांनाही तुम्ही तोच पोत्याचा उपाय सुचवलात. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. उपाशी-तहानलेलं राहून हाल होतील अशा तऱ्हेनं जनावर सोडून देणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. तुमच्या लहानपणी लोक करत होते म्हणून आज ते सल्ला म्हणून माझ्या पानावर राहू देणार नाही. तुमच्या प्रतिक्रियेतली ती एक ओळ मी काढली आहे. बाकी सगळं, माझ्याबद्दलच्या वाक्यासकट, जसंच्या तसं ठेवलंय.