‘चित्र बघायचं राहूनच जातं’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

डब केलेला परदेशी सिनेमा टाळावा, अशा अर्थाचा माझा मागचा लेख होता. त्यावरची एक प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी तिची मोडतोड केली असं कुणी म्हणायला नको.

“सबटायटल्स वाचत बसलं की चित्र बघायचं राहूनच जातं. डबिंगला नावं ठेवणं हा निव्वळ विद्वत्तेचा दिखावा आहे. इटलीतले तुमचे देवसुद्धा डबिंगच करायचे. ज्यांना भरभर वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? लेखात आफ्रिका औषधालाही नाही, २५ फ्रेमचं गणित चुकलंय, आणि एवढं ज्ञान आहे तर माझ्याकडच्या सिनेमात सबटायटल्स शेवटाकडे मागे का पडतात तेवढं सांगा.”

‘दिखावा’, ‘तुमचे देव’, ‘एवढं ज्ञान आहे तर’. पाच वाक्यांत तीन टोमणे. लेख पटला नाही असं आपण चार शब्दांत सांगितलं असतं तरी मी उत्तर दिलं असतं. माझ्या लेखात ‘विद्वत्ता’ हा शब्द नाही आणि ‘सामान्य प्रेक्षक अडाणी’ असंही कुठे सुचवलेलं नाही. ते आपण घरून घेऊन आलात.

गणिताची चूक मात्र मान्य. १२० मिनिटांचा सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) गतीने चालवला की ‘४ मिनिटांनी आखडतो’ असं मी लिहिलं होतं. तो ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो, म्हणजे आखडतो ४ मिनिटं ४८ सेकंदांनी. लेखात दुरुस्ती केली आहे. युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर हा प्रकार सर्रास आढळतो, आणि आवाजाची पट्टी मुद्दाम उतरवून घेतली नसेल तर प्रत्येक आवाज अर्धस्वराच्या (पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराच्या) सुमारे ७० टक्के वर चढलेला असतो. हा खरा मुद्दा होता. त्याबद्दल आपण अवाक्षर काढलेलं नाही. असो.

आता पहिलं वाक्य. सतरा वर्षं सबटायटल्स लिहितोय आणि दुसऱ्यांची तपासतोय, तेव्हा या वाक्यावर बोलायचा थोडा हक्क मला असावा. ‘चित्र बघायचं राहूनच जातं’ ही तक्रार खोटी नाही. पण ती वाईट सबटायटल्सबद्दलची तक्रार आहे. आपण ती सबटायटल या प्रकारावरच ढकलली आहे.

सबटायटल पडद्यावर किती वेळ राहावं याचे आकडे ठरलेले आहेत. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. लॅटिन लिपीत एका ओळीला ४२ अक्षरं हा आजकाल सगळीकडे चालणारा आकडा. कमीत कमी वेळ २० फ्रेम, म्हणजे एका सेकंदाहून थोडा कमी. जास्तीत जास्त ७ सेकंद. दोन सबटायटल्समध्ये निदान २ फ्रेमची फट, नाहीतर मजकूर बदलल्याचं डोळ्याला कळतच नाही. वाचनाचा वेग जुन्या टीव्हीच्या हिशेबात सेकंदाला १२ अक्षरांच्या आसपास धरत; दोन भरलेल्या ओळींना सहा सेकंद हा नियम त्यातूनच आला. आता १७ पर्यंत चालवून घेतात. जपानी थिएटरांत तर सेकंदाला ४ अक्षरं एवढीच मुभा असते, अर्थात तिथल्या एका अक्षरात अख्खा शब्द मावू शकतो.

हे आकडे पाळायचे तर कापावं लागतं, आणि इथेच बहुतेक जण माती खातात. समजा तीन सेकंदांचा संवाद आहे आणि शब्दाला शब्द ठेवून कुणी लिहिलं:

अगं, मी तुला किती वेळा सांगितलं की
रात्री उशिरा त्याला फोन करत जाऊ नकोस म्हणून!

काना-मात्रा, जोडाक्षरांतले हलन्त, मोकळ्या जागा सगळं धरून सॉफ्टवेअर याची ७८ अक्षरं मोजतं. तीन सेकंदांत ७८ म्हणजे सेकंदाला २६. हे वाचताना चित्र दिसणार नाही, तुमचं बरोबर आहे. आता हे पाहा:

रात्री त्याला फोन करू नको,
किती वेळा सांगू?

४२ अक्षरं, सेकंदाला १४. ‘अगं’ गेलं, कारण ती बाईशी बोलतेय हे पडद्यावर दिसतंय. ‘उशिरा’ गेलं, कारण ‘रात्री’त ते आलं. चीड राहिली. उरलेला वेळ नटीच्या चेहऱ्याला मिळाला. ओळ कुठे तोडली तेही बघा. ‘नको’नंतर वाक्य श्वास घेतं, तिथे. ‘रात्री त्याला फोन करू’ एवढं वर ठेवून ‘नको’ खाली ढकललं असतं, तर वरची ओळ वाचून क्षणभर उलटाच अर्थ लागला असता.

देवनागरीची एक जास्तीची अडचण आहे, तीही सांगून टाकतो. ‘विश्वविद्यालय’ या शब्दात डोळ्याला सहा अक्षरं दिसतात: वि, श्व, वि, द्या, ल, य. सॉफ्टवेअर मोजतं १३. त्यामुळे इंग्रजीसाठी लावलेली वेगमर्यादा मराठीवर तशीच लादली की ठीकठाक ओळसुद्धा मर्यादेबाहेरची म्हणून सॉफ्टवेअरमध्ये लाल होते, आणि तो लाल रंग घालवायला नवखे लोक चांगले शब्दच छाटत सुटतात. मर्यादा थोडी सैल करायची आणि ओळ मोठ्याने वाचून बघायची, हा त्यावरचा उपाय.

कटचंही, म्हणजे शॉट बदलतो त्या जागेचंही, तसंच. सबटायटल कटच्या फ्रेमवर सुरू करायचं, नाहीतर कटच्या दोन फ्रेम आधी संपवायचं. पुढच्या शॉटमध्ये पाच-सहा फ्रेम लोंबकळत ठेवलं तर डोळा खाली ओढला जातो आणि नव्या शॉटची सुरुवात निसटते. विनोदाची किंवा धक्क्याची ओळ तर बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द निघण्याआधी कधीच दाखवायची नाही. ‘चित्र राहून गेलं’ असं आपल्याला जेव्हा वाटलं, तेव्हा यातलं नेमकं काय बिघडलं होतं हे आपण पाहिलंत का? प्रतिक्रियेवरून तरी तसं वाटत नाही.

याहून मोठी गडबड मराठी सबटायटल्स थेट मूळ भाषेतून न होता इंग्रजी सबटायटल्सच्या फाईलवरून होतात तेव्हा होते. कोरियन माणूस समोरच्याशी कोणत्या पातळीवर बोलतोय हे क्रियापदाच्या शेवटावरून कळतं. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’, जर्मनमध्ये ‘दू’ आणि ‘झी’. इंग्रजीत आलं की सगळ्यांचं ‘यू’. मराठीकडे तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या तयार आहेत, पण इंग्रजीवरून लिहिणारा अंदाजाने एक उचलतो, आणि दोन माणसं नेमकी कुठल्या प्रसंगात अहोवरून अरेवर आली ते गायब. इंग्रजी ‘वुई’चं ‘आम्ही’ करायचं की ‘आपण’? समोरच्याला धरून की वगळून? फाईल सांगत नाही.

फारसी आणि तुर्की याच्या उलट. ‘ऊ आमद’, ‘ओ गेल्दी’: दोन्हीकडे सर्वनामाला लिंग नाही. कोण आलं हे दिग्दर्शकाने दहा मिनिटं झाकून ठेवलेलं असतं आणि मराठीचं क्रियापद पहिल्याच ओळीत ‘तो आला’ म्हणून भांडं फोडतं. अशा वेळी ‘कुणीतरी आलं’ असं नपुंसकलिंगात सरकवावं लागतं. इंग्रजी फाईलमध्ये ‘ही’ आधीच बसलेला असेल, तर मराठी लिहिणाऱ्याला झाकायला काही होतं हेच कळत नाही.

जपानी आणि कोरियन वाक्याचं क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, नकारही शेवटी. ‘तो परत येईल असं मला वाटत… नाही.’ नट त्या ‘नाही’आधी थांबतो. मराठीत तो थांबा आयता मिळतो. इंग्रजीत ‘मला नाही वाटत’ आधी येतं, आणि त्या फाईलचे तुकडे जसेच्या तसे मराठीत घातले की मराठीत विनासायास साधणारी गोष्टही हातची जाते. हे सगळं सबटायटल्सच्या विरोधात जातं, ठाऊक आहे. मी ते लपवत नाही, कारण याच फाईलवरून डबिंग केलं तर हेच दोष येतात आणि वर ओठ जुळवायची अट येते. क्लोजअपमध्ये ओठ मिटलेले दिसले की तिथे प, फ, ब, भ, म यांतलंच काहीतरी बसवावं लागतं. मग अर्थ वाकवायचा की शब्द, एवढाच प्रश्न उरतो.

डबिंगबद्दल माझा मूळ आक्षेप साक्षीदाराचा होता, तो आपण वाचलेला दिसत नाही. सबटायटल चुकलं तरी मूळ आवाज वर चालू असतो. ज्याला भाषा येते तो चूक पकडतो, येत नाही त्यालाही सुरावरून शंका येते. डबिंगमध्ये मूळ आवाजच काढून टाकलेला असतो. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीत हॉलिवूडचा ‘कॅसाब्लांका’ दाखवला तेव्हा त्यातले नाझी जवळजवळ पुसले गेले. सुमारे २५ मिनिटं कापली आणि व्हिक्टर लाझलो हा प्रतिकार चळवळीचा नेता नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ व्हिक्टर लार्सन झाला. हिचकॉकच्या ‘नटोरिअस’मधलं नाझींचं युरेनियम १९५१ च्या जर्मन डबिंगमध्ये अमली पदार्थ झालं; जर्मन नावच ‘पांढरं विष’. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९४१ पासून परदेशी सिनेमा स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं होतं. तिथे हॉलिवूडच्या ‘मोगॅम्बो’मधला व्यभिचार झाकायला नवरा-बायकोला भाऊ-बहीण केलं. पडद्यावर ती दोघं एका तंबूत नवरा-बायकोसारखीच राहताना दिसत होती, तेव्हा व्यभिचार टाळताना काय पदरात पडलं ते आपणच ठरवा. थिएटरात ‘डोळे भरून’ बघणाऱ्या प्रेक्षकाला हे पकडायची सोय नव्हती.

इटलीचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी लेखात घ्यायला हवं होतं. तिथे मूळ सिनेमाचा आवाजच पुष्कळदा नंतर भरलेला असे. दिग्दर्शक फेलिनी शूटिंगच्या वेळी काही नटांना संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायला लावायचा. ‘ला स्त्रादा’त (१९५४) अँथनी क्विन इटालियन बोलतो तो आवाज त्याचा नाही. व्हिस्कोंतीच्या ‘इल गात्तोपार्दो’त (१९६३) इटालियन प्रतीत बर्ट लँकेस्टरला दुसऱ्याचा आवाज आहे, आणि इंग्रजी प्रतीत त्याचा स्वतःचा आहे तर आजूबाजूच्या इटालियन नटांचे आवाज बदललेले. मग मूळ कोणती? सरळ उत्तर नाही. पण हे आवाज दिग्दर्शकाने सिनेमा करताना निवडले होते. वितरकाने मागाहून घाईत चिकटवलेल्या आवाजाशी त्यांची तुलना करणं म्हणजे सूप आणि चाळण एकच म्हणणं.

आफ्रिका नाही, खरं आहे. तो याद्यांचा लेख नव्हता. पूर्व युरोपही नव्हता. सेनेगलच्या उस्मान सेंबेनने ‘मंदाबी’ (१९६८) वोलोफ आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत चित्रित केला होता, एवढं इथे नोंदवून ठेवतो. तो आधी कादंबरीकार होता आणि वाचता न येणाऱ्या आपल्या लोकांपर्यंत पोहोचायला सिनेमाकडे वळला. यावरून आपण लगेच मुद्दा काढाल, काढा.

भरभर वाचता न येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पोलंडच्या टीव्हीवर एकच निवेदक सगळ्यांचे संवाद सपाट आवाजात वाचतो आणि खाली मूळ आवाज हलका ऐकू येत राहतो, तशी तिसरी वाटही आहे. त्यावर इथे विस्ताराने लिहीत नाही.

राहिली आपली फाईल. टोमण्यासकट विचारलंत, तरी सांगतो. सबटायटल्स सुरुवातीला जुळतात आणि हळूहळू मागे पडतात, याचा अर्थ बहुधा फाईल २३.९७६ फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली आहे आणि आपल्याकडचं चित्र २५ च्या गतीचं आहे. एका तासाला फरक सुमारे २ मिनिटं ३४ सेकंद पडतो. आपला फरक एवढाच आहे का ते आधी घड्याळ लावून बघा. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास असेल तर ती २४ आणि २३.९७६ ची गफलत. अधल्यामधल्या एका जागी एकदम उडी पडत असेल तर प्रतच वेगळ्या कापणीची आहे. तिथे गुणाकार चालत नाही, उडीपासून पुढचा भाग वेगळा सरकवावा लागतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधली जी आणि एच ही बटणं सबटायटल्स ५० मिलिसेकंदांनी पुढेमागे करतात, पण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तेव्हाची. वाढत्या फरकावर ती दाबत बसलात तर सिनेमाभर दाबत बसाल, आणि मग चित्र राहिलं म्हणून पुन्हा मलाच लिहाल. ‘सबटायटल एडिट’ हे सॉफ्टवेअर उघडा, फ्रेम रेट बदलायच्या खिडकीत ‘पासून’ला २३.९७६ आणि ‘पर्यंत’ला २५ टाका. सगळ्या वेळा ०.९५९०४ ने गुणल्या जातील. मग पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक उरला तर तेवढी फाईल सरकवा. फाईल युटीएफ-८ या अक्षरसंकेतातच साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.