‘मुलाने परदेशी नेलेली आई सुखातच असते’ या संदेशाला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. मुलाने परदेशी नेलेली आई भाग्यवान असते, वृद्धांची हेळसांड हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, तिकडे एका फोनवर पोलीस दारात येतात, आणि खरोखर त्रास असता तर ती बोलली असती किंवा सरळ गावी परतली असती, असे त्यात म्हटले आहे. अशा मजकुरावर विसंबून आपण त्या बाईची चौकशी करणेच सोडून देतो, म्हणून हे उत्तर.

हेळसांड परक्यांच्याच घरी होते, हे खरे नाही. आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली आपल्याच संसदेला कायदा करावा लागला.

‘परतली असती’ हे विधान सर्वांत फसवे आहे. नवरा मुंबईला नोकरीला असताना घर, शेती आणि सासू-सासरे एकटीने सांभाळणाऱ्या बायकांचा हा प्रदेश आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्याचे मोठे कारण पुरुषांचे हे स्थलांतरच. अशी खंबीर बाई टोरांटोला किंवा न्यू जर्सीला पोचते तेव्हा पासपोर्ट मुलाच्या कपाटात जातो, हाती स्वतःचा पैसा नसतो, इंग्रजी येत नाही, आणि नातवंडे व स्वयंपाक यांत दिवस सरतो. ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्याच्याचकडे तिने परतीचे तिकीट मागायचे असते. त्यातच निघण्यापूर्वी कुलमुखत्यारपत्रावर सही घेऊन घर किंवा कलमांची बाग विकली गेली असेल, तर तिने परतायचे तरी कुठे? फोनवर ‘मी बरी आहे’ असे ती म्हणते, तेव्हा कोणीतरी शेजारी बसलेले असू शकते. शिवाय गावात मुलाचे नाव खराब होऊ नये, ही काळजी तिलाच अधिक असते. तिच्या गप्प राहण्याला समाधान समजणे मला अन्यायाचे वाटते.

पोलीस येतात, हे खरे. परंतु मुलाला अटक होईल आणि आपल्याला देशाबाहेर काढतील, या भीतीने फोन केलाच जात नाही. कॅनडात कायम रहिवासी झालेल्या आईने छळ करणाऱ्याचे घर सोडले, एवढ्या कारणाने तिचा दर्जा जात नाही. उलट क्वेबेक वगळता तिला प्रायोजित करणाऱ्या मुलावर २० वर्षे तिच्या निर्वाहाची जबाबदारी राहते. पाहुणी म्हणून तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या बाईला मात्र असा आधार नसतो, म्हणून आपला व्हिसा कोणता आहे हे तिला स्वतःला ठाऊक असले पाहिजे.

जाण्यापूर्वी बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. ती मोडली गेल्यास २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी प्रमुख असलेले न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. पासपोर्टची प्रत गावातल्या विश्वासू माणसाकडे ठेवावी, आणि परतलेल्या आईला सल्ला हवा असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची विनामूल्य मदतवाहिनी आहे.