चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे सोनं? नाही!

नदीच्या वाळूत चमकणारे कण दिसले की चुंबक फिरवा, चिकटले नाहीत तर ते सोनंच, असा एक मेसेज सध्या फिरतोय. हे चुकीचं आहे. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण अभ्रक आणि पायराइट (लोह आणि गंधकाचं सोनेरी चमकणारं खनिज) हेही साध्या चुंबकाला चिकटत नाहीत. वाळूत चमकणारं जे सापडतं, ते बहुतेक वेळा यांपैकीच एक असतं.

खरी ओळख वजनात आहे. सोन्याची सापेक्ष घनता (म्हणजे पाण्याच्या किती पट जड) 19.3, पायराइटची साधारण 5, अभ्रकाची 3च्या आसपास. परातीत पाणी घेऊन वाळू हळूहळू घोळवा. अभ्रकाचे पापुद्रे पाण्याबरोबर तरंगत निघून जातात, सोन्याचा कण तळाशी काळ्या वाळूत बसून राहतो. मग त्याच्यावर हाताची सावली धरा. अभ्रक लगेच विझल्यासारखं दिसतं, सोनं सावलीतही पिवळंच राहतं. सुईच्या टोकाने दाबलं तर सोनं चपटं होतं, पायराइटचा चुरा होतो. खात्रीसाठी पायराइट भाजून बघू नका, त्यातून सल्फर डायऑक्साइड हा घातक वायू निघतो.

त्याच मेसेजमध्ये दगडावरच्या काळ्या नक्षीचा फोटो ‘नेच्याचा जीवाश्म’ म्हणून दिलाय. फोटोतली नक्षी मँगनीज ऑक्साइडची आहे, दगडाच्या फटीत पाणी झिरपून तयार झालेली. तिला पानाच्या शिरा नाहीत, देठ नाही. तरीही अतिशय सुंदर, जपून ठेवावी अशीच!