‘आमच्या टॅक्सवर फुकटे पोसले जातात’ हा हिशेबच चुकीचा आहे

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : देशात दोन-तीन टक्के लोक टॅक्स भरतात आणि बाकीचे त्यावर फुकट खातात, रेशन आणि लाडकी बहीण यांमुळे शेतात कामाला बाया मिळेनाशा झाल्या, पैसा दारूत जातो, घेणारे बहुतेक बोगस आहेत, आणि यापायी राज्य कर्जात बुडालं. शिकलेसवरलेली, एरवी मनाने चांगली माणसं हा मजकूर पुढे पाठवतात याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

टॅक्स कोण भरतं? प्राप्तिकर भरणारे थोडे आहेत, हे खरं. पण सरकारची तिजोरी फक्त प्राप्तिकरावर भरत नाही. २०२४-२५ मध्ये देशभरात जीएसटीतून २२ लाख कोटी रुपयांहून अधिक जमा झाले, वैयक्तिक प्राप्तिकरातून त्याहून बरेच कमी. जीएसटी घेताना दुकानदार कोणाचं उत्पन्न विचारत नाही. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. आता तो ५ टक्के आहे. धुणंभांडी करणारी बाई हा कर तिच्या मालकिणीइतक्याच दराने भरत आली. शिवाय मालकिणीच्या पगारातला काही भाग बचतीत जातो, बाईची जवळजवळ सगळी कमाई दुकानातच जाते. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिलं तर या कराचा भार तिच्यावरच जास्त पडतो.

आणि मदत फक्त गरिबांनाच मिळते का? २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला प्राप्तिकर नाही. टप्प्यांप्रमाणे १२ लाखांवर ६०,००० रुपये कर होतो, तो कायद्यातल्या करसवलतीमुळे पूर्ण माफ होतो. लाडक्या बहिणीला वर्षाला १८,००० मिळतात, तेही कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि घरात कोणी प्राप्तिकर भरत नसेल तर. करमाफीला माझा विरोध नाही, मध्यमवर्गालाही महागाईची झळ बसते. पण महिना लाख रुपये मिळवणारा ६०,००० माफ झाल्यावर आळशी होईल, असं कोणी म्हटलं नाही. मग महिना १,५०० मिळाल्यावर मजूर बाईच आळशी होणार, हे कशावरून ठरवलं?

शेतातल्या मजुरांचा मुद्दा जरा सविस्तर बघू. १,५०० रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. खुरपणीला किंवा कापूस वेचायला गेलेली बाई पाच-सहा दिवसांच्या हजेरीत तेवढे कमावते. एवढ्यावर महिन्याचे उरलेले दिवस घरी बसणं कोणालाच परवडणार नाही. घडतं ते वेगळं. हाताशी थोडे पैसे असले की बाई पडेल त्या दराला होकार देत नाही. कोणाला हा त्रास वाटत असेल, तर त्याने तसं सरळ म्हणावं, तिला आळशी म्हणू नये. रोजगार हमीच्या कामांमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रारही याच धाटणीची होती. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात सरकारी रोख-मदत योजनांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. मदतीमुळे लोक काम सोडतात, याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही.

रोजगार हमीचं नाव निघालं म्हणून आणखी एक. ही योजना महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात उभी केली, वि. स. पागे यांच्या आग्रहातून, आणि पुढे तिचा कायदा केला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर दरमहा कापले जाणारे २०० रुपये तेच. दुष्काळात गावातल्या माणसाला काम मिळावं म्हणून नोकरदाराने वाटा उचलायचा, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं होतं. मला त्याचा अभिमान वाटतो.

दारूचं थोडक्यात. लाडकी बहीणचा पैसा बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतो. आणि रोख मदत मिळाल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही, हे देशोदेशींच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

बोगस लाभार्थी आहेत, काही पुरुषांनीही अर्ज केले, हे नाकारत नाही. जुलै २०२५ मध्ये २६ लाखांवर लाभार्थी अपात्र ठरल्याचं मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं, तेव्हा पात्र बहिणी सुमारे सव्वादोन कोटी होत्या. म्हणजे दहात साधारण एक. ‘बहुतेक’ नव्हे. निवडणूक तोंडावर असताना अर्ज घाईने मंजूर झाले, त्याचा जाब सरकारला विचारा. आणि जे बाहेर राहिले त्यांचंही बोला. महाराष्ट्रात अन्न सुरक्षेचा इष्टांक, म्हणजे स्वस्त धान्य मिळणाऱ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या, ७ कोटी १६ हजार आहे आणि त्याचा आधार अजून २०११ची जनगणना आहे. नंतर कुटुंबात आलेल्या किती सुना-नातवंडांची नावं रेशनकार्डावर चढली, हे तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन पाहावं. संजय गांधी निराधार योजनेत उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपयांवर ठेवलेली, म्हणजे महिन्याला १,७५०. एखादी विधवा त्याहून थोडं जास्त कमावते म्हणून तिला योजनेसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला मिळत नाही.

राहिला कर्जाचा मुद्दा. राज्याच्या तिजोरीवर ताण आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण ताण आला तेव्हा कात्री कुठे लागली ते पाहा. लाडकी बहीणसाठी सामाजिक न्याय विभागाचा निधी वळवल्याबद्दल त्याच खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी मे २०२५ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जातींच्या मुलांची वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या याच खात्यातून चालतात. तिजोरीची काळजी खरी असेल, तर आधी हा निधी परत मागा.