कॅम्पसवर प्रयोग नाही करायचे, तर कुठे?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर परवा वाद पेटला. वीज, सांडपाणी, बांधकाम यांवरचं संशोधन विद्यापीठाने स्वतःच्याच आवारात करून बघावं का? एकाने लिहिलं, "मुलं शिकायला येतात, प्रयोगातले उंदीर व्हायला नाही." त्यावर धडाधड अंगठे पडले. मला ते वाक्य अजून सलतंय.

कॅनडात, व्हँकूवरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कॅम्पसवर माझं रोजचं येणं-जाणं. तिथे ब्रॉक कॉमन्स नावाचं १८ मजली वसतिगृह आहे. तळमजला आणि जिन्या-लिफ्टचे गाभे काँक्रीटचे, बाकी सांगाडा लाकडाचा. २०१७ पासून सुमारे ४०० मुलं तिथे राहतात. लाकूड किती ओल धरतं हे मोजणारे सेन्सर बांधतानाच आत बसवले. मुलं झोपतात, अभ्यास करतात, भांडतात. उंदीर कोणी झालेलं नाही.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती २०११ साली उघडलेली 'सीआयआरएस' ही शाश्वततेवरच्या संशोधन केंद्राची इमारत. तिच्या कोपऱ्यात काचेची खोली आहे, आत पाण्याच्या टाक्यांत वाढणारी झाडं. इमारतीचं सांडपाणी तिथे शुद्ध करायचं, असा बेत. शेजारच्या इमारतीतली वाया जाणारी उष्णता घेऊन ऊब मिळवायची आणि उरलेली परत द्यायची, हाही बेत होता. ऊर्जेचं गणित ठरल्याप्रमाणे जमलं नाही. मग २०१५ साली तिथल्याच संशोधकांनी ते अपयश शोधनिबंधात मांडलं: अडचण तंत्राची किंवा पैशाची फारशी नव्हती, कंत्राटं आणि जबाबदाऱ्यांची वाटणी यांची होती. आपल्याकडे हे कोण छापेल?

बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो. विद्यापीठाला मात्र त्याच इमारतीचं वीजबिल पन्नास वर्षं भरायचं असतं, आणि वापरणारे, मोजणारे, शिकणारे सगळे त्याच आवारात असतात. अशी जागा दुसरी कुठली?

'तिकडे पैसा आहे' हे उत्तर मला पाठ आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातव्या निकषात हरित ऑडिट, ऊर्जा ऑडिट आहे. त्याची फाइल आपण नीट लावतो. गच्चीवर पॅनेल बसतात, फलक लागतो. पण धूळ साचली की वीज किती कमी होते, पावसाळ्यात किती, धुतल्यावर किती, हे त्याच कॉलेजच्या इलेक्ट्रिकलच्या मुलांनी मोजायला कितीसा पैसा लागतो? एक मीटर, एक वही आणि गच्चीची किल्ली. मातीच्या थरांतून सांडपाणी शुद्ध करणारी सॉइल बायोटेक्नॉलॉजी तर आयआयटी मुंबईतच घडली. म्हणजे आपल्याला जमत नाही, असं मुळीच नाही.

"तिथे बसून बोलायला काय जातं?" असं शेवटी एकाने विचारलंच. लागलं मला ते. इथल्या बैठकीत कोणी भारताबद्दल कणव दाखवली की मी चवताळून सॉइल बायोटेक्नॉलॉजी सांगते, आणि ग्रुपवर मात्र इथले दाखले देत बसते. माझ्या कॉलेजात गच्चीला कायम कुलूप असे. चार वर्षांत स्वतःच्या इमारतीचं वीजबिल आम्हाला कोणी दाखवलं नाही. आवारातच प्रयोग करून बघायचं हे काम मला तिथे करायचं होतं. ते परक्या विद्यापीठासाठी करावं लागतंय, याचा राग माझ्या प्रत्येक मेसेजमध्ये उतरतो.