आधी हीट नंबर, मग एआय

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांत (धातूचं ओतकाम करणाऱ्यांत) सध्या एक वाद रंगलाय. एक बाजू म्हणते, एआय घेतलं नाही तर पुढच्या काही वर्षांत ऑर्डरी राजकोटला जातील. दुसरी म्हणते, आमचा मिस्त्री वाळू मुठीत दाबतो, मोडून बघतो आणि साचा धरणार की नाही ते सांगतो. त्याला कॉम्प्युटर काय शिकवणार? जर्मनीत बसून हे वाचताना दोन्हीकडचे एकाच ठिकाणी चुकतात असं दिसतं. मशीन शहाणं की माणूस यावर सगळी भांडणं, आणि त्या मशीनला वाचायला काय देणार हे कुणी काढतच नाही.

ओतकामाच्या कारखान्यात माहिती निदान चार जागी पडलेली असते. भट्टीवर हीटचं (एका वेळी वितळवलेल्या घाण्याचं) रजिस्टर, वाळूच्या लॅबमध्ये वही, मोल्डिंगची शिफ्ट शीट, ऑफिसात हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली. मोल्डिंगवाला ज्याला ‘छोटा हाउसिंग’ लिहितो तो टॅलीत ‘हाउसिंग बी’ असतो, आणि गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर त्याचा भलताच नंबर. ही चार कागदपत्रं एकमेकांना ओळखत नाहीत. हिशेबाच्या बाजूला निदान कायद्याचा धाक आहे: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू ठेवावा लागतो, कुणी कोणती नोंद कधी बदलली ते त्यात दिसतं. रुपयाची नोंद अशी जपायची आणि रिजेक्शनची नोंद पेन्सिलने करायची, हा आपला सध्याचा व्यवहार.

ब्लोहोलचं, म्हणजे कास्टिंगमध्ये वायू अडकून राहिलेल्या पोकळीचं, उदाहरण घ्या. कास्टिंग वरून स्वच्छ दिसतं. आतली पोकळी बऱ्याचदा मशिनिंगला कातडं निघाल्यावरच उघडी पडते, तेही गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये, दोन-तीन आठवड्यांनी. तेव्हा विचारायचं असतं: हीट कुठली, लॅडल (रस ओतायचं भांडं) कितवा, ओतताना तापमान किती, त्या वेळी वाळूत ओलावा किती? कास्टिंगवर हीटचा कोड नसेल तर या प्रश्नांना उत्तरच नाही, मग सॉफ्टवेअर कितीही महाग असो. लहान मालावर पूर्ण कोड बसत नसेल तर पॅटर्नवर (साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्यावर) तारीख आणि शिफ्टची बदलती पट्टी तरी लावावी.

कोड असला तरी जोड चुकू शकते. वाळूची टेस्ट सकाळी ९ वाजता एकदा झाली आणि दुपारी ४ वाजता ओतलेल्या साच्याला तोच आकडा चिकटवला, तर एआयचं मॉडेल (नोंदींवरून खराब कास्टिंगचं भाकीत करणारं) खोट्या जोडीवरून शिकतं. दुपारपर्यंत परतीची, म्हणजे मोडलेल्या साच्यांतून पुन्हा वापरात येणारी, वाळू तापलेली असते. गरम वाळू मिक्सरपासून मोल्डिंगपर्यंत जाताना ओल गमावते, लॅबमध्ये ३.४ टक्के आलेला ओलावा साच्यात तेवढा उरत नाही. म्हणून टेस्ट दर तासाला करावी, नमुना मोल्डिंगच्या जागेवरून घ्यावा, वाळूचं तापमानही लिहावं. एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून चिवट केलेलं बीड) असेल तर मॅग्नेशियम ट्रीटमेंटची वेळ आणि शेवटचा साचा ओतल्याची वेळ मिनिटांत हवी, कारण मॅग्नेशियम उतरत जातं आणि ‘अंदाजे दहा मिनिटं’ या नोंदीतून काहीही सिद्ध होत नाही.

याला लागणारा डेटाबेस साधा असतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट मिळतो, एक बरा पीसी, यूपीएस आणि रोजचा बॅकअप पुरतो. पार्ट, हीट, वाळू, मोल्डिंग, रिजेक्शन अशी पाच टेबलं. एक्सेलमध्येही दहा लाखांवर ओळी मावतात, त्यामुळे जागेची अडचण नाही; अडचण ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशा दोन फायली फिरू लागल्या की सुरू होते. रिजेक्शनचे कोड बारापेक्षा जास्त ठेवू नयेत. आणि ‘इतर’ हा कोड सगळ्यात जास्त भरला जात असेल तर यादी चुकली आहे असं समजावं.

आता नाजूक मुद्दा. रिजेक्शन शीटवर ऑपरेटरचं नाव पहिल्या रकान्यात आणि महिनाअखेरीला त्यावरून कापाकापी असेल, तर खराब माल गुपचूप परत भट्टीत जातो. त्याची नोंद कुठेच होत नाही. हे धातूच्या ताळेबंदात पकडता येतं. समजा महिन्यात १०० टन माल भट्टीत घातला आणि ४ टन मेल्टिंग लॉस (वितळताना होणारी घट) धरला. उरलेल्या ९६ टनांत चांगली कास्टिंग ५८, रनर-रायझर (रस साच्यात नेणाऱ्या वाटांत गोठलेला, नंतर तोडून टाकायचा धातू) ३०, सांडलेला धातू १ आणि नोंदलेलं रिजेक्शन ३, म्हणजे ९२. मग ४ टन गेले कुठे? काटा चुकतोय, साचा फुगून कास्टिंग जड येतायत, किंवा रिजेक्शन लपतंय. एआय विकत घेण्याआधी हा हिशेब तीन महिने मांडावा.

जर्मनीत कामगारांच्या कामगिरीवर नजर ठेवू शकेल अशी यंत्रणा बसवायची तर कामगार मंडळाची सहमती घ्यावी लागते. त्यांच्या कारखाना-संविधान कायद्याच्या कलम ८७ मध्येच ते आहे. त्यामुळे कुठली नोंद कशासाठी वापरणार हे आधीच कागदावर येतं आणि माणसं खरं लिहायला कमी घाबरतात. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अशा करारात महिनेच्या महिने जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मालक तोच निर्णय चहा संपायच्या आत घेतो आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सोबत घेऊन कामाला लागतो. हा वेग मला इथल्या शिस्तीइतकाच मोलाचा वाटतो. फक्त ‘या नोंदीवरून कुणाचा पगार कापणार नाही’ एवढं मालकाने लिहून द्यावं.

विक्रेते ‘९६ टक्के अचूक’ म्हणतात तिथे जपून. रिजेक्शन ४ टक्के असेल तर प्रत्येक कास्टिंगला ‘चांगलं’ म्हणणारं मॉडेलही ९६ टक्के अचूकच असतं. विचारायचं असं: शंभर खराब कास्टिंगपैकी किती पकडली, आणि त्यासाठी किती चांगली अडवली?

आता मराठीत प्रश्न विचारला की डेटाबेसमधून उत्तर काढून देणारे चॅटही आलेत. लई भारी दिसतात, पण एक घोळ नेहमीचा. ५०० किलोच्या एका हीटवर रिजेक्शनच्या तीन नोंदी असतील आणि चॅटने दोन टेबलं सरळ जोडली, तर तीच हीट तीनदा मोजली जाते आणि ५०० चे १५०० किलो होतात. एकूण टनेज फुगतं, रिजेक्शनची टक्केवारी खाली येते आणि मालक खूश होतो. चॅटला फक्त वाचण्याचा परवाना द्यावा, त्याने लिहिलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला नेमका प्रश्न) समोर ठेवायला लावावी, आणि ज्या महिन्याचा आकडा पाठ आहे तो आधी विचारून बघावा.

मॉडेल घ्यायचंच ठरलं तर विक्रेत्याला जानेवारी ते ऑगस्टची माहिती द्या, सप्टेंबर-ऑक्टोबरची दडवून ठेवा आणि त्या दोन महिन्यांचं भाकीत आधी लेखी मागा. सरमिसळ करून काढलेल्या नमुन्यावरची परीक्षा मान्य करू नका. त्यात एकाच हीटची कास्टिंग शिकण्यातही येतात आणि परीक्षेतही, म्हणजे पेपर आधीच फुटलेला असतो. करार संपेल त्या दिवशी सगळी माहिती सीएसव्हीमध्ये (कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या साध्या फायलीत) परत मिळेल हे कलम हवंच. आणि फक्त उन्हाळ्याच्या नोंदींवर शिकवलेलं मॉडेल कुणी दाखवलं तर जुलैत परत ये म्हणावं. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर पडलेली नवी वाळू त्याने पाहिलेलीच नसते.